आतला माणूस

१

जुन्या गाडीचा पत्रा बदलायचा तर माणसं दोन लागतात, असं थोरल्याचे वडील सांगायचे. एक बाहेर, एक आत. "पत्र्याला बाजू दोन असतात आणि एका माणसाला एका वेळी एकच कळते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगेही त्यांना दोनच झाले, म्हणून गॅरेजची घडी त्यांनी तशीच बसवून टाकली. थोरला बाहेरचा, धाकटा आतला.

काम असं चालायचं. गंजलेला पत्रा कापून नवा बसवायचा, जोड घासून एकजीव करायचे, मग आतल्या बाजूनं डांबरी पट्ट्या चिकटवायच्या आणि वर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर द्यायचा. तसं केलं की गाडी खडखडत नाही, उन्हात भाजत नाही आणि बाहेरचा गोंगाट बाहेरच राहतो. पण पट्टीखाली हवा राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून धाकटा आत बसायचा. सीटं काढलेली असायची, तेव्हा लाकडी खोक्यावर. दार बंद करून थोरला बाहेरून बोटाच्या पेरानं टकटक करत वीत वीत पुढं सरकायचा आणि धाकटा पत्र्याला तळवा लावून आतून उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे ठीक आहे, पुढं चल. दोन म्हणजे इथं पोकळ आहे. तीन म्हणजे दार उघड, मला बाहेर काढ.

तिसरी खूण लागायचीच, कारण दाराच्या आतल्या मुठी सगळ्यात शेवटी बसतात. आतल्याला बाहेरच्यानं सोडल्याशिवाय सुटका नसते.

अशी चाळीस वर्षं गेली. काम करताना दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. समोरचा चहावाला म्हणायचा, यांचं एकदा कडाक्याचं भांडण व्हायला हवं, निदान आवाज तरी कळेल कसा आहे ते. थोरल्यानं लग्न केलं नाही. धाकट्यानं केलं, आणि त्याची बायको आली तेव्हापासून घरात तिला धाकटीच म्हणू लागले. दुपारी एक वाजता ती दोघांचा डबा घेऊन यायची.

आता डबा एकाचाच असतो. धाकट्याला जाऊन सहा महिने झाले.

गाडी आणली ती एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं. सगळे त्यांना बाई म्हणत. गाडी त्यांच्या वडिलांची, वीस वर्षं शेडमध्ये पडून तळाला अशी गंजलेली की आत बसून जमीन दिसावी. "दिसायला कशीही होऊ दे," बाई म्हणाल्या. "वडील चालवायचे तेव्हा दार लावलं की सगळं जग गप्प व्हायचं. मला तेवढं परत हवंय."

एकट्यानं पेलण्यासारखं काम नव्हतं आणि थोरला नाही म्हणणार होता. पण धाकटी म्हणाली, "घ्या, भावोजी. दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं." मग त्यानं घेतलं.

२

दोन महिने त्यानं मान वर केली नाही. तळ नवा घातला, मागची दोन्ही मडगार्डं बदलली, दारांचे पत्रे चढवले. मान अवघडायची, गुडघे बोलायचे, पण हातांनी दगा दिला नाही. पट्ट्या चिकटवायचा दिवस आला तेव्हा चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासानं डोकं जड झालं होतं. शेवटची पट्टी छोट्या लाटण्यानं दाबून तो बाहेर आला, दार लावलं आणि मागच्या मडगार्डावर पेरानं टकटक केली.

आतून एक ठोका आला.

तो पुढं सरकला, ठोकलं, एक आला. पुन्हा सरकला, पुन्हा एक. चार-पाच विती झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय, आणि त्याचा हात हवेतच राहिला.

मग स्वतःशीच हसला. सवयीनं आत खोकं ठेवलं होतं, सवयीनं दार लावलं होतं, आणि सवयीचे कान जे ऐकायचं ते ऐकत होते. शिवाय दुपार होती. पत्रा तापला की बोलतो आणि निवला की बोलतो, हे त्याला नाही कळणार तर कोणाला. फक्त तापलेला पत्रा आपल्या वेळेला बोलतो, विचारलं की लगेच उत्तर देत नाही. हा मुद्दा त्याच्या मनात आला आणि त्यानं तो बाजूला सारला.

मागच्या डाव्या दाराशी त्यानं पुन्हा ठोकलं. आतून दोन आले.

त्यानं दार उघडलं. आत कोणी नव्हतं, असणार कोण. सुरी घेऊन त्या जागची पट्टी त्यानं उचकटली. खाली तळहाताएवढा हवेचा फुगा होता. तो नीट दाबून बसवला आणि मगच त्याला दिसलं की मधोमध ठेवलेलं खोकं डाव्या दाराला टेकून आहे.

आपणच सरकवलं असेल, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, कारण तेवढं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

३

दुसऱ्या दिवशी त्यानं खोकं बाहेर काढून भिंतीशी ठेवलं. गाडीत शिरला तर उजव्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं काढलेला गोल दिसला.

पोकळ जागा सापडली की धाकटा तिथं गोल काढायचा. त्याचा गोल कधी पुरा व्हायचा नाही. शेवटी बोटभर फट राहायची, आणि वडील त्यावरून त्याला जन्मभर बोलले. या गोलालाही फट होती. जुना असेल म्हणावं तर पत्रा नवा होता, मागच्याच आठवड्यात कापून आणलेला. थोरला त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग ओल्या फडक्यानं त्यानं तो पुसला. पुसण्याआधी मात्र तिथं दाबून बघितलं. पट्टी सुटलेलीच होती.

एक वाजता धाकटी डबा घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग पॉलिशवाला. चारही दारांच्या आतल्या मुठी चमकवायला न्यायच्या होत्या. तो वर्षभर परगावी होता, धाकटा गेल्याचं त्याला आत्ता कळलं होतं. मुठी पिशवीत भरून तो घुटमळला आणि धाकटीला म्हणाला, "ऐकून फार वाईट वाटलं. फार हाल झाले का हो?"

"नाही," धाकटी म्हणाली. "झोपेत गेले. भावोजी जवळच होते. काही त्रास झाला नाही."

"मग नशीबवान."

"हो," ती म्हणाली.

हे वाक्य थोरल्यानं आठ महिन्यांत शंभरदा तरी ऐकलं असेल. शेजारच्यांना, नातेवाइकांना, दूधवाल्याला ती हेच सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा थोडा सैल व्हायचा. त्याच वाक्याच्या आधारानं ती सकाळी उठत होती. ते तिला थोरल्यानंच दिलं होतं. त्यानं घास तोंडात घातला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत खाली बघत राहिला.

"बरं नाही का?" तिनं विचारलं.

"सोल्यूशनचा वास," तो म्हणाला.

४

मग नमदा चढवायला सुरुवात झाली. आधी तळाला, मग मडगार्डांच्या आत, छताला, शेवटी दारांना. दर थराबरोबर गाडी गप्प होत गेली. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न, समोरच्या चहाच्या कपबश्या, सगळं आत शिरल्यावर विरून जायचं. बाईंनी मागितलं होतं ते जवळ येत होतं. कामावर खूश व्हावं असंच काम झालं होतं, पण थोरला खूश नव्हता.

कारण उत्तरंही लांबून यायला लागली होती. पहिल्या थरानंतर ठोका असा यायचा की कोणी उशीखालून वाजवतंय. दुसऱ्यानंतर पत्र्याला कान लावावा लागे. तो रोज ठरवायचा की आज ठोकायचं नाही, आणि रोज ठोकायचा. न ठोकावं तर काम अर्धवट, आणि ठोकावं तर हे.

डाव्या दारावर अस्तराचा पुठ्ठा बसवला त्या दिवशी त्यानं ठोकलं आणि आतून तीन आले.

त्यानं झटकन दार उघडलं. नमद्याचा वास, रिकामा तळ. त्यानं दार लावलं, पुन्हा तीन. पाच वेळा त्यानं उघडलं, पाच वेळा लावलं. उघडल्यावर कोणी बाहेर येत नव्हतं. मागं भिंतीत नळाचा पाइप होता, तोही त्यानं बंद करून बघितला. छपरावर चढून उंदरांची बिळं शोधली. त्या वयात छपरावर चढलेला बघून चहावाला खालून ओरडला, "उतरा हो, उगाच आम्हाला कामाला लावाल." थोरला उतरला, गॅरेजच्या पायरीवर बसला, आणि मग त्याला ते आठवणं थांबवता आलं नाही.

हॉस्पिटलातली खाट. धाकट्याच्या तोंडात नळी, ती उपटू नये म्हणून मनगटं पट्टीनं खाटेला बांधलेली. बोलता येत नव्हतं. अंगठा तेवढा मोकळा होता, उजव्या हाताचा, बॉनेटखाली सापडून कायमचं काळं नख झालेला. धाकटी औषधं आणायला खाली गेली होती. त्या अंगठ्यानं खाटेच्या लोखंडी कठड्यावर वाजवलं. टक टक टक. आणि डोळे थोरल्याकडे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नळी काढली तर काही तास. ठेवली तर कदाचित. थोरल्यानं त्या कदाचितचा हात धरला. भाऊ वाचावा एवढंच त्याला हवं होतं, आणि त्याला एकट्यानं आतबाहेर दोन्ही व्हायची भीती वाटत होती, हेही खरं. त्यानं पेरानं कठड्यावर एक ठोका दिला. ठीक आहे, पुढं चल.

धाकट्यानं पुन्हा तीन वाजवले. थोरल्यानं पुन्हा एक. असं दोन दिवस चाललं. धाकटी वर आली की थोरला भावाचा हात हातात घेऊन बसे, म्हणजे वाजायचं नाही. तिला वाटायचं माया. तिसऱ्या दिवशी अंगठा थांबला. पाचव्या दिवशी सगळंच. "झोपेत गेला," थोरल्यानं तिला सांगितलं.

५

बाई दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होत्या. रंगकाम झालं होतं, पण काचांना बाहेरून चिकटवलेले कागद काढायचे राहिले होते. साडेबारा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. थोरल्यानं डाव्या दारावर ठोकलं आणि कान लावला. काही नाही. श्वास रोखला. खूप खालून, विहिरीच्या तळातून यावेत तसे तीन.

उद्या हेही ऐकू येणार नव्हतं. गाडी जाणार होती. आपण आपल्या हातांनी थरावर थर देऊन त्याला कोंडलं, असं त्याला वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की आपलं डोकं ठिकाणावर नाही. याचा एकदाच निकाल लावायचा. आवाज आतून येतो की भिंतीतून, हे आत बसल्यावर कळेल. त्यानं भिंतीशी ठेवलेलं खोकं उचललं, आत ठेवलं, त्यावर बसला आणि दार ओढून घेतलं.

ही चूक त्याच्याच हातून होऊ शकत होती. चाळीस वर्षांत तो एकदाही आत बसला नव्हता. बाहेरच्या माणसाला दार लावायची सवय असते, सुटायची काळजी नसते. नवं दार हलक्या आवाजात बसलं आणि त्याचा हात मूठ शोधत अस्तरावर फिरला. मुठी पॉलिशवाल्याकडे होत्या.

आधी तो ओशाळला. मग ओरडला. ओरडणं त्याच्याच कानाशी विरलं. काम इतकं चोख झालं होतं की त्याला स्वतःचा श्वास आणि छातीतली धडधड याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कागदांतून पिवळट उजेड येत होता. गरम होत होतं. वास होता. अर्ध्या तासात धाकटी येईलच, त्यानं स्वतःला समजावलं. अर्धा तास म्हणजे काय, बसल्या बसल्या जाईल.

आणि मागच्या मडगार्डावर कोणीतरी ठोकलं.

नीट, जाणत्या हातानं. मग एक वीत पुढं, पुन्हा. पेराचा आवाज कडक असतो. हा बोजड होता, अंगठ्याच्या सांध्याचा. थोरल्याचा तळवा आपोआप पत्र्यावर गेला. आतल्याचं काम काय असतं ते त्याला माहीत होतं. त्यानं एक ठोका दिला. ठोकणारं पुढं सरकलं. तो वळला, पत्र्याबरोबर तेही वळलं. मागच्या काचेखालून, डाव्या मडगार्डावरून, डाव्या दारापर्यंत. तिथं ते थांबलं.

थोरल्यानं तीन वाजवले.

बाहेर शांत. त्यानं पुन्हा तीन वाजवले, जोरात. काचेवरच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. तिथून उन्हाची चीर आत येत होती आणि ती आता झाकली गेली. त्यानं डोळा जवळ नेला. काचेला टेकलेला अंगठा दिसला, नखासकट. नख काळं होतं.

मग दारावर, त्याच्या कानाशी, एक ठोका पडला.

ठीक आहे, पुढं चल.

थोरला वाजवत राहिला. तीन. तीन. तीन. दर वेळी थोडं थांबून बाहेरून एक यायचा, मायेनं, समजूत घातल्यासारखा, आणि त्या मायेनंच त्याला रडू फुटलं. मनगटं बांधलेल्या धाकट्यानं दोन दिवस हेच ऐकलं होतं. तो हातांत तोंड घालून "उघड रे, उघड," म्हणत राहिला, आणि आपण हे कोणाच्या वतीनं म्हणतोय ते त्याला कळेना.

६

दार उघडलं तेव्हा ऊन एकदम अंगावर आलं. धाकटी उभी होती, हातात डबा.

"भावोजी? आत कसे तुम्ही?"

त्यानं डोळ्यांवर हात धरला. "कधी आलीस?"

"आत्ताच. फाटकापासून ठोकल्याचा आवाज येत होता, म्हटलं काम चाललंय. जवळ आले तर तीन वाजले म्हणून उघडलं."

"तीनच ऐकलेस?"

तिनं आठवून बघितलं. "आधी एक. मग तीन. एक बाहेरून होता ना? मला वाटलं आत दुसरं कोणी..." ती गाडीच्या मागच्या बाजूला बघत राहिली. तिथं कोणी नव्हतं. फरशीवर ऊन होतं.

थोरला खोक्यावरून उठला नाही. पाय बाहेर टाकून तसाच बसला आणि त्यानं तिला सांगितलं. कठडा, अंगठा, दोन दिवस. ती औषधं आणायला गेली होती ते. हात हातात का धरून बसायचा ते. सांगायला बराच वेळ लागला, कारण मध्ये मध्ये त्याला दम लागत होता. ती दाराला धरून उभी होती आणि तिची बोटं दाराच्या कडेवर पांढरी पडली होती.

"आणि तुम्ही काय वाजवलंत?" तिनं विचारलं.

"एक."

 तिनं दाराकडे बघितलं, आणि थोरल्याला वाटलं ती ते आता लावून घेणार. त्याला वाटलं, घ्यावं लावून. तो आडवा येणार नव्हता.

मग तिनं हात सोडला. डबा पायरीवर ठेवला, गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं. मग पुढचं. मग त्याच्या बाजूचं पुढचं. चारही दारं सताड उघडी झाली आणि रस्त्यावरचे हॉर्न, कपबश्या, चहावाल्याचं बोलणं गाडीच्या आरपार जाऊ लागलं. ती पायरीवर बसली आणि आठ महिन्यांत रडली नव्हती ते रडली. थोरल्याला तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण तो हक्क आपण गमावलाय हे त्याला कळत होतं, म्हणून तो होता तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सीटं आणि मुठी बसल्या. बाई आत बसल्या, दार लावून घेतलं, आणि खूप वेळानं डोळे पुसत बाहेर आल्या. "तसंच आहे," म्हणाल्या. त्या गाडी घेऊन गेल्या.

धाकटी अजून त्याच घरात आहे, आणि एक वाजता डबा येतो. गॅरेजमध्ये गाडी असली की थोरला तिचं एक दार उघडंच ठेवतो. बॅटरी उतरते, गिऱ्हाइकं कुरकुरतात, तो ऐकून घेतो. नवा पत्रा बसवला की बाहेरून ठोकतो आणि थांबतो. आतून आता काही येत नाही.

धाकट्याबद्दल विचारणारे अजून भेटतात. फार हाल झाले का हो, म्हणतात. झोपेत गेले असं धाकटी आता म्हणत नाही. ती थोरल्याकडे बघते आणि गप्प राहते, आणि मग थोरल्याला सांगावं लागतं. पहिल्यांदा त्याला सांगायला अर्धा तास लागला होता. आता दोनच वाक्यं लागतात. त्यानं तीन वाजवले होते. मी एक वाजवला.